मेरोपेनेमच्या चकतीभोवती

निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार आतड्याला भोक पडल्यामुळे तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्या रुग्णालयात आले. सहाव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि मेरोपेनेम या प्रतिजैविकाचे दोन डोस देऊन झाल्यावर ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या) बाटल्या माझ्याकडे पोहोचल्या. नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करताना ही एक तक्रार मी सतत करत आले आहे. रक्त आधी घ्यायला हवे, कारण औषध रक्तात भिनल्यावर जंतू बाटलीत वाढेलच याचा भरवसा नसतो. या वेळी मात्र बारा तासांच्या आतच यंत्राने इशारा दिला. दोन डोस पचवून इतक्या लवकर वाढलेला तो जंतू पाहून मी अस्वस्थ झाले.

मॅककाँकी आगार या जंतू वाढवण्याच्या माध्यमावर गुलाबी, चिकट वसाहती आल्या. तो क्लेब्सिएला न्यूमोनिए हा आतड्यात राहू शकणारा जंतू होता. तिसऱ्या दिवशी सकाळी जंतू पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवलेली प्लेट उघडली, तेव्हा मेरोपेनेमच्या चकतीच्या काठापर्यंत जंतूंची सलग साय पसरलेली होती. औषध लागू पडायचे असेल तर तिथे किमान २३ मिलीमीटर व्यासाचे स्वच्छ वर्तुळ दिसावे लागते; मी मोजले ते ६ मिलीमीटर, म्हणजे निव्वळ चकतीची रुंदी. शेजारच्या प्लेटवर प्रमाणित ई. कोलायभोवती वर्तुळ नेहमीसारखेच मोठे होते, त्यामुळे दोष चकतीत नव्हता. पट्टीच्या चाचणीने एनडीएम हे मेरोपेनेमसारखी औषधे फोडणारे विकर दाखवले. कोलिस्टिन या शेवटच्या पर्यायांतल्या औषधाचा मोठा रेणू आगारमध्ये नीट पसरत नाही, म्हणून त्याची तपासणी द्रव माध्यमात वेगवेगळ्या तीव्रता लावून करावी लागते. एनडीएम ॲझट्रिओनाम या प्रतिजैविकाला फोडत नाही, पण जंतूकडची इतर विकरे फोडतात, आणि त्यांना ॲव्हिबॅक्टम आवरते. म्हणून सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टमबरोबर ॲझट्रिओनाम एकत्र लावून पाहिले. त्या नळीत जंतू वाढला नाही. कोलिस्टिनने मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती असते, त्यामुळे हीच जोडी द्यावी असे मी शल्यचिकित्सकांना स्वतः जाऊन सांगितले. अहवाल फाईलला लावून काम होत नाही, हे मी शिकले आहे.

त्यांच्या मुलाने जुन्या चिठ्ठ्या आणून दिल्या. तीन महिन्यांत तीन ठिकाणी तापासाठी सेफ्ट्रिॲक्झोन या प्रतिजैविकाची इंजेक्शने दिलेली होती, पण एकदाही तपासणी झालेली नव्हती. मी त्याला समजावले की औषध जंतूला प्रतिरोध शिकवत नाही. ते आतड्यातले साधे जंतू मारते आणि आधीच तग धरू शकणाऱ्यांना जागा मोकळी करून देते. तो लगेच म्हणाला, “म्हणजे द्राक्षावरच्या डाऊनी रोगासारखंच की, मॅडम. एकच आंतरप्रवाही औषध सारखं मारलं की ते लागू पडत नाही. म्हणून आम्ही बदलून बदलून फवारतो.” या विषयावर यापेक्षा चांगला प्रतिसाद मी वॉर्डच्या बैठकांतही ऐकलेला नाही. पण येथे अडचण अशी की एनडीएमचे जनुक बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर, असते, त्याच प्लास्मिडवर इतर औषधांना तोंड देणारी जनुकेही असतात आणि तो तुकडा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. मग औषध बदलले तरी, त्यांपैकी कोणतेही एक वापरले की सगळीच जनुके टिकून राहतात.

तरीही हा जंतू त्यांनी घरून आणला की आमच्याकडून घेतला, हे मला ठरवता आलेले नाही. त्याच महिन्यात अतिदक्षता विभागातील आणखी दोघांच्या नमुन्यांत असाच प्रतिरोध दिसला होता, आणि बेसिनच्या निचऱ्यातून घेतलेल्या स्वॅबमध्येही. प्रतिरोध सारखा दिसला म्हणजे जंतू एकच असे म्हणता येत नाही. त्यासाठी जनुकीय क्रमवाचन हवे, आणि ते आमच्याकडे नाही. यंत्रांसाठी पैसा मिळतो, पण प्रत्येक खाटेशेजारी हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाची बाटली मागायला मला तीन पत्रे लिहावी लागली, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

रक्त स्वच्छ झाले, काका बरे झाले. घरी जाताना घेतलेल्या गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये मात्र तोच क्लेब्सिएला पुन्हा वाढला. मुलाने विचारले, “मग आता कोणतं औषध द्यायचं?” मी सांगितले की आता कोणतेही नाही, दिले तर तोच जंतू अधिक फोफावेल, आणि तो काही महिने आतड्यात राहू शकतो. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, आणि पुढे कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर हा कागद सर्वांत आधी दाखवावा, असे सांगून मी अहवालाची प्रत त्याच्या हातात दिली.