तुम्ही विचारलंत म्हणून : अपक्षाच्या अर्जावर माझी सही

निवडणूक लागली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "सर, यंदाही अपक्षाचे सूचक झालात म्हणे? कशाला? तो निवडून थोडाच येणार आहे!" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून एकदा नीट सांगतो.

विधानसभेला किंवा लोकसभेला मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल, तर त्याच्या अर्जावर एका सूचकाची, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदाराची, सही पुरते. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही जण त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. ही अट 1996 साली आली. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात 1033 उमेदवार उभे होते, मतपत्रिकेचं पुस्तक छापावं लागलं. नलगोंडा लोकसभेला 480. मग अर्जासोबत भरायची अनामत रक्कम वाढली, सूचक वाढले. गर्दी आवरायला हवी होती हे मला पटतं. पण तालुक्याच्या गावात दहा सह्या मिळवणं म्हणजे काय, हे दारोदार फिरल्याशिवाय कळत नाही.

"मत देतो की, पण सही नको." हे वाक्य दर तिसऱ्या उंबऱ्यावर ऐकू येतं. मत गुप्त असतं, सही नसते. आलेल्या अर्जांची यादी निवडणूक अधिकाऱ्याच्या फलकावर लागते आणि तिच्यात सूचकांची नावंही असतात. ज्याचा ऊस कारखान्याला जायचाय, ज्याचं पीककर्ज सोसायटीत अडकलंय, ज्याची सून संस्थेच्या शाळेत अजून कायम झालेली नाही, त्याने सही कशाच्या जोरावर करायची? त्याला भित्रा म्हणणं मला जमत नाही. माझी पेन्शन कोणाच्या हातात नाही. मुलं आपापल्या जागी आहेत, शेत नाही, कर्ज नाही. मी सही करू शकतो, म्हणून करतो. खरं उत्तर एवढंच आहे.

एकदा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आमची एक सही बाद ठरायची वेळ आली. वाडीवरच्या बाईंनी हौसेने सही दिली होती, पण यादी पाहिली तर त्यांची वाडी शेजारच्या मतदारसंघात. दुपारी तीनला मुदत संपणार. तहसील कचेरीसमोरचा चहावाला आमची धावपळ पाहत होता. त्याने शेगडी बारीक केली, हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "आणा इकडं." त्याचं रोजचं गिऱ्हाईक कोण, हे साऱ्या गावाला माहीत आहे. टपरी सरकारी जागेवर, उद्या कोणीही उठवू शकेल. तरी त्याने काउंटरवर कागद ठेवून सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. अर्ज वेळेत गेला. तो उमेदवार पडला, अनामतही गेली, कारण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच ती परत मिळते. विधानसभेला हे दहा हजार रुपये असतात.

मग मिळवलं काय, हा पुढचा प्रश्न. पक्षाच्या आमदाराला सभागृहात कसं मत द्यायचं याचा पक्षादेश असतो, तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते. अपक्षाला असा पक्षादेश नसतो. उलट निवडून आल्यावर तो कुठल्याही पक्षात शिरला, तर पक्षांतरबंदी कायद्याने अपात्र ठरतो. राज्यसभेच्या मतदानात पक्षाचे आमदार आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवतात, अपक्षाने ती कोणालाही दाखवायची नसते. जून 2022 मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी मुंबईत अपक्षांना हॉटेलांतून सांभाळण्याची धडपड चालली होती, ती याचसाठी.

1995 साली महाराष्ट्रात 45 अपक्ष निवडून आले. शिवसेनेचे 73 आणि भाजपचे 65 मिळून 138 होत होते, बहुमताला 145 हवे होते. सरकार आलं ते अपक्षांच्या आधारावर. पुढच्याच वर्षी कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, त्यामागे पश्चिम महाराष्ट्रातल्या अपक्षांचा रेटा होता. त्यातले बरेच जण काँग्रेसचेच बंडखोर होते, हेही खरं. 2024 ला 288 पैकी जेमतेम दोन अपक्ष आले.

अपक्षांच्या नावाखाली काय काय चालतं, तेही मी पाहतो. मतं खायला उभे केलेले, नावात साधर्म्य असलेले. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात 'तुतारी' चिन्हावरच्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' चिन्हाचा उमेदवार 32 हजारांच्या फरकाने हरला. अशा अर्जावर मी सही करत नाही. तिकीट कापलं म्हणून रातोरात अपक्ष झालेल्यालाही देत नाही. घरी आलेल्या प्रत्येकाला विचारतो, निवडून आलात तर पाठिंबा कोणाला आणि कशाच्या बदल्यात? उत्तर टाळलं की चहा देतो आणि निरोप देतो.

सरळ उत्तर देणारे कमी भेटतात. पण पाण्याचा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवणारा माणूस अर्ज घेऊन येतो, तेव्हा दहा सह्यांअभावी त्याचं नाव यंत्रावर येऊच नये, हे मला सहन होत नाही. मतदारांनी त्याला नाकारावं, हरकत नाही. ते त्यांच्या हातात आहे. नाव मात्र त्यांच्यापुढे पोचलं पाहिजे.

तुमच्यापैकी ज्यांचं कुठे काही अडकलेलं नाही, त्यांनी मतदार यादीतला आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आताच लिहून ठेवावा. कोणी अर्ज घेऊन दारात आलं तर ऐन वेळी तो शोधण्यातच तीन वाजतात.