टेबल गॅलरीच्या दारात

5 जानेवारी, रात्री

आज पुन्हा पेपरात निफाडचा पारा. आम्ही नाशिककर आपली थंडी त्याच्यावरूनच ठरवतो. तिकडे आकडा खाली आला की इकडे आईच्या स्वेटरवर शाल चढते. निफाडकडच्या बागांत रात्री शेकोट्या पेटवतात, द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. आमच्या घरात तडे जातात ते आईच्या टाचांना आणि माझ्या बोटांच्या पेरांना, कारण माझा हात दिवसभर पाण्यात. आईने कोकमतेलाची वडी माझ्या टेबलावरच आणून ठेवलीय. तिला दहादा सांगितलं, कागदाजवळ नको, तेलाचं बोट लागलं की त्या जागी रंग धरत नाही. वडी तिथेच आहे.

मार्गशीर्ष लागला की माझं टेबल उत्तरेच्या खिडकीतून उठतं आणि दक्षिणेला, गॅलरीच्या दारात येतं. चित्रकला शिकवणारे सगळे उत्तरेच्या उजेडाचे गोडवे गातात, आणि खरंच आहे ते. तो दिवसभर सारखा राहतो, सावल्या पळत नाहीत, रंग फसवत नाहीत. पण त्या खोलीत जानेवारीत चार तास बसून दाखवा म्हणावं. या दिवसांत सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की दुपारी ऊन दारातून सरळ आत येतं. मला ते पायांवर हवं असतं, कागदावर नको, नाहीतर पांढरा कागद डोळ्यांत खुपतो. म्हणून दाराच्या वरच्या भागाला आजोबांचं जुनं धोतर बांधलंय, खाली मोकळं. धोतरातून गाळून आलेल्या उजेडात रंग किंचित पिवळट दिसतात, हे मनात धरूनच मिसळावे लागतात. पाय मात्र मजेत.

थंडीचा दुसरा त्रास कोरड्या हवेचा. पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात मारून, चहा करून, पिऊन आलं तरी कागद ओलाच असतो. आत्ता आकाशाची एक पट्टी ओढून ब्रश पुन्हा पॅलेटला नेईपर्यंत पहिल्या पट्टीची कड सुकून रेघ उमटते. उपाय म्हणून 300 जीएसएमचा जाड कागद मागूनही ओला करून घेते आणि रंगाच्या पाण्यात ग्लिसरिनचा थेंब टाकते. थेंबच, जास्त झालं तर कागद चिकटच राहतो. बाटली घरात एकच आहे. सकाळी आईच्या टाचांना, दुपारी माझ्या आकाशाला.

आणि हे आकाश कुणी मागितलेलं नाही. म्हणूनच हा महिना मला एवढा आवडतो.

कथाचित्रं काढणाऱ्याचं पंचांग नेहमी उलटं चालतं. आषाढ-श्रावणात बाहेर धो धो कोसळत असताना मी आकाशकंदील आणि उटणं रंगवत असते. पुढे दसऱ्याच्या सुमारास उन्हाळी सुट्टीतली पोरं काढायची वेळ येते, आणि छत्र्या-गमबुटांची चित्रं हमखास कडक उन्हाळ्यात. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच आमची जात अशी काही महिने पुढे राहायला लागली असावी. दीनानाथ दलालांनी तर 1945 मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ सुरू केलं. चित्रकारही तेच, संपादकही तेच. तगादा लावणारा आणि चुकवणारा एकच माणूस! मला तर कल्पनेनेच धाप लागते.

दिवाळीनंतर मात्र फोन थंडावतात. मानधनाचे चेक येतात (काही येत नाहीत, त्या विषयावर नंतर कधीतरी). मग समोर जे असेल तेच काढायची मुभा मिळते. या आठवड्यात समोर होते सोलाणे. ओल्या हरभऱ्याचा हिरवा बाटलीतल्या कुठल्याच हिरव्याने येत नाही. लिंबाच्या पिवळ्यात निळ्याचा कण टाकायचा आणि टोकाकडे सोललेल्या सालीचा फिकटपणा ठेवायचा, तेव्हा कुठे जमतो. तो जमेपर्यंत निम्मे दाणे पोटात गेले होते. उरलेल्यांची आईने आमटी केली.

सध्या धुंधुर्मास आहे. आई पहाटे मुगाची खिचडी टाकते, बाजरीची भाकरी, भरीत, वर लोण्याचा गोळा. सूर्य उगवायच्या आत जेवून घ्यायचं, हा नेम ती मोडत नाही. मी त्या निमित्ताने उजेड बघत बसते. लोक म्हणतात, 22 डिसेंबर गेला की दिवस मोठा होतो. होतो, पण संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी लांबतच जातो, नाशकात सात वाजून गेले तरी समोरच्या इमारतीची गच्ची काळीच असते. सकाळच्या उजेडावर पोट असलेल्या माणसाला हे बरोबर कळतं. भाकरी खाऊन झाल्यावरही तासभर ब्रशला हात लावता येत नाही. मग पेन्सिलींना टोकं काढत बसायचं, दुसरी भाकरी खायची.

बहिणीच्या मुलीची यंदा पहिली संक्रांत, बोरन्हाण इथेच. आईने हलवा घरीच करायचा हट्ट धरलाय. शेगडीवर पितळी परात, परातीत खसखस, आणि वर चमच्याने एकतारी पाक. हाताने फिरवत राहायचं, सुकला की पुढचा चमचा. आच वाढली की सगळं फसतं, हवा दमट असली तर काटा फुटत नाही. दुपारभर शेजारी बसून पाहिलं तेव्हा दाण्यांवर पहिले टोकदार उंचवटे आले. “तुझ्या रंगांचंही असंच ना गं? एक थर सुकेपर्यंत दुसरा द्यायचा नाही,” आई म्हणाली. मी हो म्हटलं. तिचा हात माझ्यापेक्षा संथ आहे, एवढं मात्र मनात ठेवलं.

तेव्हापासून हलव्याचे दागिने घातलेलं काळं झबलं रंगवतेय. काम वाटतं तितकं सोपं नाही. जलरंगात पांढरा नसतोच, कागद हाच पांढरा. म्हणजे काळ्या झबल्यावरचा प्रत्येक दाणा आधी राखून ठेवायचा. मास्किंग फ्लुइडचे, म्हणजे खालचा कागद कोरा राखणाऱ्या द्रवाचे ठिपके दिले, वाळल्यावर रबरासारखे झाले, मग त्यांच्यावरून काळा ओढला. काळाही नळीतला नव्हे, तो मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी दाट मिसळले. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून थोडा रवाळपणा येतो आणि सुती कापडाचा पोत आयता मिळतो. रबर खरवडलं तर खाली दाणे निघाले, पण गुळगुळीत, साबुदाण्याचे वाटावेत असे. काटे शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरने, सर्वांत बारीक ब्रशने, एकेक टोचत काढले. हार झाला, बाजूबंद झाले. मुकुट राहिलाय.

संध्याकाळी एका संपादकबाईंचा फोन आला. मेच्या अंकासाठी मुखपृष्ठ हवंय. आमराई, झाडावर चढलेली पोरं, खाली खाटेवर घाम पुसणारे आजोबा.

“मॅडम, अजून मोहोरसुद्धा धड आलेला नाही,” मी म्हटलं.

“तुम्हाला काय झाडाखाली बसून काढायचंय? रफ तर द्या पुढच्या आठवड्यात.”

घासाघीस होऊन किंक्रांतीनंतरचं ठरलं. घाम नंतर बघू. उद्या सकाळी भाजीवाल्या मावशी बोरं आणणार आहेत. बहीण दुपारच्या गाडीने पोरीला घेऊन येतेय, त्याच्या आत निदान दोन बोरं तरी रंगवून घ्यायला हवीत.