प्लेटची कड गडद दिसली तेव्हा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे, लिहीन लिहीन म्हणत राहून गेली होती. मी अन्न तपासणीच्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते, अक्कलकोट रोडच्या बाजूला, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त काय येत असेल तर शेंगदाणे. सोलापुरात शेंगा चटणी घराघरात होते, कडक भाकरीबरोबर तीच लागते, आणि बचत गटातल्या कितीतरी बायकांचं घर त्या चटणीवर चालतं. आमच्या गल्लीतल्या एक मावशी त्यातल्याच. त्यांनी पाच पोत्यांतले दाणे वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून माझ्याकडे दिले, म्हणाल्या, "बघ की गं जरा, मोठी ऑर्डर हाय, गिऱ्हाईक रिपोर्ट मागायलंय."

रिपोर्ट अफ्लाटॉक्सिनचा. दाण्याला ओल लागली की त्यावर अॅस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी धरते आणि ती हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले होते, शोधत गेल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड, तिथून हे विष माहीत झालं. लिव्हरचा कॅन्सर करणारं आहे, आणि दाणे भाजले म्हणून सगळं जात नाही, थोडं कमी होतं इतकंच. मोजतात ते पीपीबीमध्ये, म्हणजे एका किलोत एक मायक्रोग्रॅम. डोळ्याला, जिभेला काही कळत नाही, म्हणून मशीन लागतं.

मशीन म्हणजे मायक्रोप्लेट रीडर, आम्ही सगळे एलायझा रीडरच म्हणतो. तळहाताएवढी प्लॅस्टिकची पारदर्शक प्लेट, त्यात ९६ खळगे, आडव्या आठ ओळी ए ते एच आणि उभ्या बारा, एका खळग्याच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत ९ मिलिमीटर अंतर. ही कल्पना हंगेरीतल्या ग्युला टाकाची या डॉक्टरांची, १९५१ मध्ये, फ्लूच्या तपासण्या करायच्या होत्या आणि सामान मिळत नव्हतं म्हणून त्यांनी अॅक्रिलिकच्या ठोकळ्यात खळगे पाडून घेतले. टंचाईतून निघालेली वस्तू आहे ही, म्हणून मला तिच्याबद्दल जास्तच माया आहे. एलायझा पद्धत, म्हणजे एन्झाइमने रंग आणून त्यावरून पदार्थ मोजायची, त्यानंतर वीस वर्षांनी आली, १९७१ मध्ये.

रीडर काय करतो तर प्रत्येक खळग्यातून एका ठराविक रंगाचा प्रकाश सोडतो आणि पलीकडे किती पोचला ते मोजतो, बास. आमच्या टेस्टमध्ये शेवटी टीएमबी नावाचं रसायन घातलं की खळग्यातल्या एन्झाइममुळे निळा रंग येतो, मग अॅसिडचं स्टॉप सोल्युशन घातलं की तो पिवळा होतो, आणि तो पिवळा ४५० नॅनोमीटरवर, म्हणजे निळ्या प्रकाशात वाचायचा. प्रकाश किती अडला त्याचा आकडा म्हणजे ओडी, तो १ आला म्हणजे दहा टक्केच प्रकाश पार गेला, २ आला म्हणजे एकच टक्का. प्रकाश वरून खाली जातो, त्यामुळे खळग्यात पाणी कमीजास्त पडलं किंवा वर बुडबुडा राहिला तरी आकडा हलतो. बुडबुडा दिसला तर मी स्वच्छ सुईच्या टोकाने फोडते, प्रत्येक खळग्याला नवी सुई.

एक गोष्ट नवीन मुलींना सांगावीच लागते, मावशींनाही सांगितली. अफ्लाटॉक्सिनची टेस्ट उलटी असते. खळग्याच्या तळाशी अँटीबॉडी, म्हणजे नेमकं हेच विष पकडणारं प्रोटीन, चिकटवलेली, तिच्यावर बसायला दोघांची चढाओढ, एक दाण्यातलं विष आणि दुसरं आपण घातलेलं एन्झाइम लावलेलं विष. दाण्यात विष जास्त असेल तर एन्झाइमवाल्याला जागा मिळत नाही आणि रंग फिका येतो. म्हणजे गडद पिवळा तो चांगला, फिका तो वाईट. मावशी म्हणाल्या, "हळदीवानी दिसलं की बरं म्हणायचं तर." अगदी बरोबर.

तर त्या दिवशी दुपारी एसी बंद पडला. बाहेर ४२, आत ३६ तरी असेल. किट फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला असतं, काढल्यावर प्लेट आणि सगळ्या बाटल्या नीट रूम टेम्परेचरला येऊ द्यायच्या आणि ते रूम टेम्परेचर म्हणजे किटवाल्याचं वीस-पंचवीस, आपलं मे महिन्यातलं नव्हे. मला घाई होती, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा होता, मी थंडगार प्लेट तशीच घेतली आणि काम सुरू केलं, ही माझीच चूक. धुणं पाच वेळा केलं, टिशूवर आपटून कोरडी केली, टीएमबी घातलं, स्टॉप केलं, रीडरमध्ये ठेवली, आणि प्रिंट आली तर पाचही पिशव्या वाईट. पाचही! त्या दाण्यांवर मावशींचे किती महिने अडकलेले होते ते मला माहीत होतं, पोटात गोळाच आला.

मग प्लेट बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि बघत बसले. चारही बाजूंनी कडेचे खळगे गडद आणि मधले फिके, चौकटीसारखं. स्टँडर्ड म्हणजे विषाचं प्रमाण आधीच माहीत असलेले, तुलनेचे नमुने. पहिल्या आणि दुसऱ्या उभ्या ओळीत मी तीच स्टँडर्ड जोडीने घातलेली, तरी दोघांच्या रंगात फरक डोळ्याला दिसत होता. थंड प्लेट गरम खोलीत ठेवल्यावर कडेचे खळगे आधी तापले, तिथे एन्झाइम जास्त पळालं. आणि माझी स्टँडर्ड कडेच्या त्या दोन ओळींत, मावशींचे दाणे मध्ये. स्टँडर्ड गरजेपेक्षा गडद झाल्यामुळे त्यांच्या शेजारी दाणे आहेत त्याहून फिके दिसले, म्हणजे विष जास्त मोजलं गेलं. रीडरने प्रकाश बरोबरच मोजला होता, मीच त्याला चुकीची प्लेट दिली.

तो रिपोर्ट दिला नाही. मावशींना फोन करून म्हटलं एक दिवस थांबा, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त "बरं बाई" म्हणाल्या आणि तेवढ्यानेच मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला लॅब उघडली, गारव्यात किट बाहेर काढून तासभर ठेवलं, रीडरचा दिवा चालू करून तापू दिला, स्टँडर्ड कडेपासून आत घेतली, कडेच्या खळग्यांत नुसतं बफर, म्हणजे साधं द्रावण भरलं. किटचे खळगे महाग असतात म्हणून आमच्याकडे असं कोणी करत नाही पण त्या दिवशी मी केलं.

हाच रीडर दुसरीकडे दुसरी कामं करतो बरं का. पावसाळ्यात डेंग्यूची एनएस१ (विषाणूचं प्रोटीन) आणि आयजीएम (अंगात तयार झालेली अँटीबॉडी) एलायझा त्याच्यावरच, तिथे मात्र रंग जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. औषधाने पेशी मेल्या का जगल्या बघायला एमटीटी नावाची टेस्ट, तो जांभळा रंग, ५७० नॅनोमीटरवर. प्रोटीन मोजायची ब्रॅडफर्ड टेस्ट ५९५ वर. डीएनए २६० वर मोजायचा असेल तर आपली साधी पॉलिस्टायरीनची प्लेट चालत नाही, ती स्वतःच तो प्रकाश शोषते, वेगळी यूव्हीवाली घ्यावी लागते. फ्लोरेसन्सला, म्हणजे एक प्रकाश टाकला की दुसऱ्या रंगाचा उजेड देणाऱ्या टेस्टला काळी प्लेट, उजेड स्वतःच देणाऱ्या टेस्टला पांढरी. पण काम कुठलंही असू दे, मशीनमध्ये सरकवायच्या आधी मी आता प्लेट हातात धरून कागदावर बघतेच, कड आणि मध्य, आणि शेजारी ठेवलेल्या जोड्या.

पहाटेच्या प्लेटमध्ये चौकट नव्हती. चार पिशव्या चांगल्या पिवळ्या निघाल्या, पाचवी फिकीच राहिली, परत केली तरी फिकीच. ते पोतं जुनं, मागच्या पावसात पत्र्याखाली भिजलेलं. मावशींनी मला विचारलंसुद्धा नाही की जनावरांना घालू का, मीच सांगितलं घालू नका, गाईने खाल्लं तर ते दुधातही उतरतं. त्यांनी ते पोतं गल्लीच्या टोकाला नेऊन खड्ड्यात पुरलं, वर माती दाबली, आणि उरलेल्या चार पोत्यांतले सुरकुतलेले, काळपट दाणे निवडायला सुनेला घेऊन अंगणात बसल्या.