चोर, होडी आणि पौर्णिमेची ओहोटी

आमच्या विनोदी चोरपटाच्या पहिल्या भागाचा शेवट असा: सोनं लांबवलेले तिघे होडीतून पळतात, आंजर्ल्याच्या खाडीत ओहोटी लागते, होडी चिखलात रुतते आणि पोलीस चालत तिच्यापर्यंत येतात. दुसरा भाग त्याच क्षणी सुरू होतो. कंटिन्युइटी माझ्याकडे; म्हणजे गळ्यातला रुमाल, दाढीचे खुंट, सगळं तसंच दिसायला हवं. होडीचा रंग बदललेला होता, कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असताना होड्यांची डागडुजी आणि रंगकाम होतं. आर्टवाल्यांनी फोटो बघून जुना रंग चढवला.

अडलं ते पाण्यापाशी. तारखा मुख्य नटाच्या सोयीने ठरलेल्या. कॉल शीटवर संध्याकाळचे पाच बघून हर्णैचे होडीवाले तांडेलकाका म्हणाले, "बाय, त्या दिवशी अष्टमी. पाचला पाणी चढत असणार, होडी तरंगेल."

त्यांचा हिशेब साधा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पहिल्या भागातला उघडा चिखल पौर्णिमेच्या संध्याकाळचा होता. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीला, पाणी तेवढं खाली जातच नाही.

विनोदी चित्रपटात कंटिन्युइटी सैल चालते, असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. होडी जराशी तरंगताना दिसली की चोर पळत का नाहीत, हा प्रश्न येतो आणि हसू तिथेच विरतं.

दिग्दर्शकाने ऐकलं. नटांचे क्लोज-अप अष्टमीलाच घेतले, मागे नुसतं आकाश. वाइड, म्हणजे होडी-चिखल सगळं दिसणारे शॉट, पौर्णिमेला, चोरांच्या कपड्यांतले डुप्लिकेट पाठमोरे बसवून.

त्या दिवशी सकाळी भरतीला होडी आत आणली. पाणी उतरेल तशी ती आपोआप बसणार, आणि एकदा बसली की रात्रीच्या भरतीपर्यंत हलणार नाही. पाण्याच्या ओढीने नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सारखी फिरत होती. काका आणि त्यांची पोरं छातीभर पाण्यात दोर धरून उभी, मी काठावरून जुनी फ्रेम बघत "अजून थोडी दर्याकडे" ओरडत होते. तळ टेकला तेव्हा कोन जुळलेला होता.

मग चिखल जपायचा. पोलीस येण्याआधी त्यावर एकही पाऊल नको, म्हणून सगळं युनिट एका कडेला थांबवलं. पावलं उमटली की रिटेक नाही.

पाचनंतर कॅमेरा सुरू झाला. पोलीस निघाले, आणि मधेच हवालदाराचा डावा बूट चिखलात राहिला. तो नट थांबला नाही. तसाच मोज्यावर चालत होडीपर्यंत गेला. चोरांना बेडी घालतानाही त्याचा चेहरा करारी. दिग्दर्शकाने तो टेक ठेवला. पोलीस ठाण्यातले सीन अजून व्हायचे होते. मी तिथेच वहीत लिहिलं: हवालदार, डाव्या पायात फक्त मोजा, गुडघ्यापर्यंत चिखल, रात्र संपेपर्यंत.