गरम झाली की बंद, थंड झाली की चालू : जुन्या गाडीचा माझा अनुभव

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी गॅरेजात नेली की हटकून चालू असते. मला सगळा त्रास याच एका गोष्टीने दिला.

गाडी २००६ची, पेट्रोलवरची, इंजेक्शनवाली. आम्ही भुसावळला, मुलगी धुळ्याला दिलीय, त्यामुळे जळगाव-एरंडोल-पारोळा हा रस्ता नेहमीचा. एप्रिल लागला आणि सुरू झालं. घरून निघताना अर्ध्या सेल्फला चालू. जळगाव मागे पडलं, एरंडोल जवळ आलं की चालत्या गाडीचं इंजिन एकदम बंद. आधी झटके नाहीत, मिसिंग नाही. कुणी किल्ली फिरवून घेतल्यासारखं. मग सेल्फ दणक्यात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास लिंबाखाली उभी केली की पुन्हा पहिल्या सेल्फला चालू. टेम्परेचरचा काटा सगळा वेळ जागेवर.

जळगावातल्या एका मोठ्या गॅरेजात गाडी टाकली. सकाळच्या गारव्यात, शेडखाली त्यांनी ती चालू केली, थोडी रेस केली आणि म्हणाले, "साहेब, गाडी तर एकदम ओके आहे." स्कॅनर लावला, कोड काही आला नाही. मी सांगितलं, दुपारी हायवेवर न्या, बंद पडेपर्यंत चालवा, आणि बंद पडली की तिथेच तपासा. तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. प्लग बदलले. पुन्हा बंद पडली. मग प्लगला करंट देणारी कॉईल बदलली. पुन्हा तेच. मग म्हणाले, पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांना चालत नाही. इथेनॉलने जुन्या रबरी पाइपांना त्रास होऊ शकतो हे खरं आहे, पेट्रोलचा वास येतोय का यावर लक्ष ठेवलंच पाहिजे. पण टाकीतलं तेच पेट्रोल अर्धा तास खराब आणि नंतर चांगलं कसं होईल? याचं उत्तर कुणी दिलं नाही. शेवटी टाकीतला पंप बदलला. बंद पडलेल्या गाडीत किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून पंपाचा घूंऽ असा आवाज येतो, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जॉबकार्डवर ते लिहिलंसुद्धा नाही. वर लिहिलं होतं फक्त 'स्टार्टिंग प्रॉब्लेम'. कधी, किती वेळ चालल्यावर, गरम की थंड, काही नाही. मला अजूनही राग येतो तो या दोन शब्दांचा. बिल मात्र दर वेळी तपशीलवार.

नवा पंप टाकून निघालो आणि एरंडोलच्या पुढे, मे महिन्याच्या भर दुपारी, सौ. आणि नात गाडीत असताना पुन्हा बंद. मागून ट्रक येत होते. इथे एक सांगतो: चालत्या गाडीचं इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखा कडक होतो. ब्रेक पंप करू नका. एकदाच घट्ट दाबून धरा आणि गाडी डावीकडे घ्या. किल्ली पूर्ण बंद करून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

ढाब्यावरच्या पोराने पारोळ्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो मोटारसायकलवर आला, "गाडी बंद पडनी का भाऊ?" एवढंच विचारलं आणि मला बॉनेट उघडू दिलं नाही, थंड होईल म्हणून. हे ऐकलं आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला. किल्ली ऑन करून पंप ऐकला. मग बॉनेट उघडून एक जादा प्लग वायरच्या टोपीत बसवला, इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. करंट नाही, म्हणजे प्लगला ठिणगीच नाही. सेल्फ फिरताना मीटरवर आरपीएमचा काटा जरासुद्धा हलला नाही. मग क्रँक सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला: ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. सेन्सरवर ओलं फडकं ठेवून आम्ही थांबलो. थोड्या वेळाने रीडिंग आलं, सेल्फ मारला, गाडी चालू.

इंजिन फिरतंय हे गाडीतल्या कॉम्प्युटरला हा सेन्सर कळवतो. त्याचा निरोप गेला नाही की कॉम्प्युटर ना करंट देतो ना पेट्रोल फवारतो. आतली बारीक तार कुठेतरी तुटत आलेली असते. गरम झाली की सुटते, थंड झाली की पुन्हा टेकते. बऱ्याच गाड्यांत हा निरोप नसला की पंपसुद्धा दोनेक सेकंद वाजून थांबतो, म्हणून बिचाऱ्या पंपावर आळ येतो.

सेन्सर बदलला, पंपाच्या किमतीपुढे तो काहीच नाही. नवा घेताना जुन्यावरचा नंबर जुळवून घ्या आणि कनेक्टरचं लॉक तुटलेलं नाही ना ते बघा.

सगळ्याच गाड्यांना हाच रोग नसतो. सकाळी सेल्फ नुसता टकटक करत असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल साफ करा, अर्थिंगची पट्टी घट्ट करा. उभ्या गाडीत बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४च्या आसपास दिसली पाहिजे. सिग्नलला एसी लावल्यावरच बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, कार्बन साचलाय का पाहा. प्लगची चाचणी करताना प्लग हातात धरू नका, जोराचा झटका बसतो, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ती करूच नका.

पंपाचं एक राहिलं. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. आणि गॅरेजने काहीही बदललं तरी जुना पार्ट मागून घ्या. माझा जुना पंप मी आणलाय, बॅटरीला लावून पाहिला, छान चालतो.