तांबड्या समुद्रातला घाम
आज तांबडा समुद्र. बाहेरचं पाणीच ३२ अंश, मग त्याच पाण्यावर चालणारे कूलर बिचारे काय थंड करणार? बोटीच्या इंजिनरूममध्ये ४६. आणि नेमका आजच इंधनाचं हेवी ऑइल साफ करणारा प्युरिफायर रुसला, चांगलं तेल स्लजच्या, म्हणजे गाळाच्या टाकीत जायला लागलं. त्याचा बाऊल, म्हणजे आतलं फिरणारं भांडं, उघडायला घेतला. झाकण आवळणाऱ्या लॉक रिंगचे आटे उलटे असतात, हे नव्या पोराला तीनदा सांगूनही गडी ती घट्टच करत बसलेला! (मीही पहिल्यांदा हेच केलं होतं, पण त्याला कशाला सांगू?) आतल्या डिस्कांवर डांबरासारखा थर. डिझेलमध्ये बुडवून एकेक घासली. दोष निघाला चपट्या झालेल्या एका सील रिंगचा. चार तास गेले. आता हेवी ऑइल ९८ अंशांवर, मशीन शांत. संध्याकाळी आई फोनवर म्हणाली, "बोटीवर वारा छान येत असेल ना रे?"
हो गं. ब्लोअरचा.