दोघी एकाच दिवशी जन्मल्या, मग हिलाच का?

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे मी, आरओपीची (वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी असली की बाळाचं डोकं धरायला बहुतेक वेळा मीच असते. त्या दिवशी ट्विन वन आणि ट्विन टू दोघींची चौथी तपासणी होती. 28 आठवड्यांच्या जुळ्या मुली, जन्मताना एक 1,080 ग्रॅम, दुसरी 990. बाहुल्या मोठ्या व्हायचे ड्रॉप्स घातले, डॉक्टरांनी आधी पहिलीचा पडदा बघितला, रक्तवाहिन्या छान पुढे सरकतायत म्हणाले. मग दुसरीवर वाकले आणि बोलायचेच थांबले. स्टेज थ्री, म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यात, वाहिन्या फुगून नागमोडी झालेल्या, 48 तासांच्या आत लेझर.

आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "सिस्टर, ती तर टकामका बघते माझ्याकडे. आणि दोघी एकाच दिवशी जन्मल्या ना, मग हिलाच का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही, मी दोघींच्या फाईली काढल्या. दुसरीची फाईल दुप्पट जाड. दहाव्या दिवशी सेप्सिस (रक्तात जंतुसंसर्ग), परत व्हेंटिलेटर, तीनदा रक्त चढवलं, वजन तर कितीतरी दिवस हललंच नव्हतं. आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 82, 98, 84, 99, नुसतं वरखाली. श्वास थांबला की ऑक्सिजन वाढवावाच लागतो हो, पण बाळ सावरल्यावर तो परत खाली आणायला आपल्याला जी दहा मिनिटं लागतात ना ती त्या पडद्याला सोसावी लागतात, आणि त्यातली काही माझ्या ड्युटीतली होती. बरं कायम कमीच ठेवावा तर तेही नाही, सॅच्युरेशन 85 ते 89 ठेवून बघितलेल्या ट्रायलमधे आरओपी कमी झाला पण बाळं जास्त दगावली, म्हणून आम्ही 90 ते 95 धरून चालतो.

आईला म्हणलं, ताई, पडद्यात रक्तवाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या आसपास वाढायला लागतात, कडेला पोचेपर्यंत नऊ महिने भरत येतात. ह्या दोघींचं ते काम अर्धंच झालं होतं, त्यात हिला आजारपणानं गाठलं. वाढ अडली, मग उपाशी पडदा घाईघाईनं वेड्यावाकड्या वाहिन्या काढायला लागतो, त्या पडद्याला ओढायच्या आत थांबवायचं. तुमचं काही चुकलेलं नाही. तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डोळ्यांना लेझर झालं. दोन आठवड्यांनी वाहिन्यांचा फुगवटा ओसरला होता. पहिलीची तपासणी मात्र अजून चालू आहे, तिच्या वाहिन्या कडेपर्यंत पोचायच्यात.